नाण्यावरील कळंक

दिवाळी जवळ आली की आपल्या घरोघरी एक काम ठरलेले असते. धनत्रयोदशीच्या दिवशी कपाटाच्या किंवा देव्हाऱ्याच्या तळाशी वर्षभर पडून असलेला बटवा बाहेर निघतो. त्यातील जुनी नाणी ताम्हनात ओतली जातात, चिंचेचा कोळ, राख अथवा लिंबू-मीठ घेऊन घासली जातात, आणि लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नव्यासारखी झळकू लागतात. घरातील मुलांना हे काम फार आवडते. कारण काळ्याहिरव्या चकतीतून लालबुंद तांबे बाहेर पडताना पाहणे हा त्यांच्या दृष्टीने एक लहानसा चमत्कारच असतो. आम्हीही हे काम मोठ्या हौसेने करीत आलो. आज त्याच कामाविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात. कारण असे की, ते करीत असता आमच्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीने आमच्यापुढे एक प्रश्न उभा केला. चांगल्या हेतूने केलेल्या कृत्यातून हानी झाली, तर हेतूच्या चांगुलपणाने ते करणारा मोकळा होतो काय?

आमचे वय तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. पूजेची भांडी घासण्याचे काम वडिलांनी आमच्याकडे सोपविले होते, आणि आमच्या हातची ताम्हने लखलखतात अशी थोडीफार ख्यातीही झाली होती. त्या वर्षी दिवाळीच्या आधी सभासद कुटुंबांपैकी एका घरच्या वृद्ध आजींनी आम्हांस बोलावून घेतले आणि कापडी बटवा हाती दिला. त्यांच्या सासऱ्यांनी ठेवलेली अकरा नाणी त्यात होती. काहींवर फारसी अक्षरे होती, काही इंग्रजी अमलातील होती, एक भोकाचा पैसा होता आणि दोन शिवराया होत्या. आजी म्हणाल्या, “आम्ही आपली नुसत्या पाण्याने धुतो रे. पण नातसुनेला यंदा चकचकीत हवीत. तुझ्या हाताला गुण आहे, एवढी उजळून दे.”

आम्ही ती एका दुपारीच उजळून दिली. लिंबाच्या फोडीवर मीठ घेतले, नारळाची शेंडी घेतली आणि हिरवे-काळे असे काहीही शिल्लक राहणार नाही इतक्या निष्ठेने घासले. नातसून प्रसन्न झाली. आजींची दृष्टी त्या वेळी फार मंद झाली होती. त्यांनी एकेक नाणे हाती घेऊन त्यावरून अंगठा फिरविला. एका शिवराईवर त्यांचा अंगठा थांबला, पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. “ह्यावरचा ‘श्री’ कुठे गेला रे?” असे त्यांनी विचारले.

तेव्हा आम्हांस कळले की ती नाणी आजी डोळ्यांनी नव्हे, तर बोटांनी ओळखीत असत. त्या अक्षराचा उंचवटा हीच त्यांची खूण होती. आम्ही खाली मान घालून उभे राहिलो. त्यांनी मात्र आम्हांस दोष दिला नाही. “राहू दे बाळ, तू काय वाईट मनाने केलेस थोडेच?” एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी बटवा उघडला, तेव्हा त्यांतील तीन-चार नाण्यांवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उठले होते. आजींचे ते वाक्य आजही आमच्या कानांत आहे; आणि त्यांनी आम्हांस रागे भरले असते तर बरे झाले असते, असे पुष्कळदा वाटते.

आता नेमके काय घडले ते सांगितले पाहिजे. शिवराईच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ मध्ये झाला. त्यांच्या नावाचे हे तांब्याचे नाणे पुढे पेशवाईतही ठिकठिकाणच्या टांकसाळींतून पडत राहिले आणि इंग्रजी अमलातही पुष्कळ वर्षे दख्खनच्या बाजारात चालले. ते हातोड्याने पाडलेले नाणे. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून सगळी अक्षरे एका नाण्यावर क्वचितच उमटत. कोणाच्या वाट्याला ‘राजा’ येई, कोणाच्या वाट्याला ‘छत्र’. म्हणजे एखाद्या शिवराईवर जी दोन-तीन अक्षरे असतील, तीच तिची सारी ओळख. ती गेली की उरतो तो केवळ तांब्याचा तुकडा.

तांबे उघड्या हवेत राहिले की प्रथम त्यावर तांबूस-तपकिरी ऑक्साइडचा पातळ थर धरतो. पुढे ओलावा आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड ह्यांच्या योगाने त्यावर हिरवा थर चढतो. ह्यालाच आपण कळंक किंवा जंगाल म्हणतो. हा थर घट्ट आणि गुळगुळीत असला तर तो खालच्या धातूचे रक्षणच करतो. जमिनीत किंवा ओलसर जागी शतकभर पडून राहिलेल्या नाण्याची गोष्ट तर आणखी निराळी असते. त्याच्या पृष्ठभागावरील धातूच हळूहळू जागच्या जागी खनिजरूप होतो. ठशाने उमटविलेले अक्षर त्या वेळी धातूत नसते, धातूचे जे रूपांतर झाले त्या थरात असते. लिंबातील वा चिंचेतील आम्ल नेमका तोच थर विरघळविते. आपण समजतो, मळ गेला आणि मूळ नाणे दिसू लागले. वस्तुतः मूळ नाणे गेलेले असते. जे लालबुंद दिसते तो आतला असा धातू असतो की ज्यावर कोणताही ठसा कधी पडलेलाच नव्हता.

आमची दुसरी चूक मिठाची. मिठातील क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरून बसते. ओलावा मिळताच तेथे आम्ल तयार होते, ते तांबे खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड मोकळे होते आणि तेच चक्र पुन्हा सुरू होते. अशा नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी उठते आणि खाली खड्डे पडत जातात. इंग्रजीत ह्याला ‘ब्राँझ डिसीज’, म्हणजे कांस्याचा रोग, असे नाव आहे. परंतु तो तांब्यालाही होतो. जे नाणे आम्ही ‘स्वच्छ’ करून दिले, त्याला आम्हीच रोग जडविला होता.

येथे कोणी म्हणेल, “मग तांब्यास हातच लावू नये काय? देवाची भांडी तर रोज घासावी लागतात!” हा आक्षेप योग्य आहे. आपल्या घरांत लहानपणापासून शिकवण असते की तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये, तो कळकतो आणि पोटाला अपाय करतो. त्या कळकण्यातला आणि नावाला लागणाऱ्या कळंकातला अर्थ आपल्या भाषेने जणू एकच मानला आहे. म्हणून कळंक दिसला की तो घालविलाच पाहिजे, असे मन आपोआप बोलते. ताम्हन, पळी, अभिषेकपात्र ह्यांच्या बाबतीत ते बरोबरच आहे. ही भांडी वापराने जगतात. त्यांतून तीर्थ घ्यावयाचे असते. त्यांवरील कळंक ठेवणे हा आळस होय. परंतु जुने नाणे आज बाजारात चालत नाही. ते वापरासाठी राहिलेले नसून साक्षीसाठी राहिले आहे. साक्षीदाराचे तोंड घासून कोणी साक्ष घेत नाही.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी द्रव्यशुद्धीचा विचार करताना तांब्यासाठी क्षार, आम्ल आणि पाणी ही साधने सांगितली आहेत. म्हणजे चिंच-राखेची परंपरा उगाच आलेली नाही. परंतु तेथेच ही शुद्धी जशी योग्य असेल तशी करावी, असाही संकेत आहे. आम्ही साधन उचलले आणि संकेत विसरलो. पुष्कळ आचारांच्या बाबतीत आपले असेच होते, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

आपले बुऱ्हाणपूर हे तर साक्षीदारांचेच गाव. तापीच्या काठी फारुकी सुलतानांनी हे नगर वसविले. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर ते मोगलांच्या दक्षिण सुभ्याचे मोठे ठाणे झाले आणि येथील टांकसाळीत मोगल बादशहांच्या नावाची नाणी पडू लागली. अकबराच्या काळी तांब्याच्या चाळीस दामांचा एक रुपया धरीत. असा एक दाम वजनाने सुमारे वीस ग्रॅम भरे. १६३१ मध्ये मुमताजमहल येथेच वारली. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने ह्या शहरावर छापा घातला. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हा मुलूख पेशव्यांकडे आला, आणि पुढे शिंद्यांच्या हाती गेला. ज्या शहरावर मराठ्यांनी छापा घातला त्याच शहरात पुढे मराठी कुटुंबे नांदली. आजींच्या बटव्यात फारसी अक्षरांचे नाणे आणि शिवराई शेजारी शेजारी पडलेली होती, ह्यात म्हणून नवल नाही. येथील जामा मशिदीच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, आणि तो १५९० च्या सुमाराचा आहे. कोणी स्वच्छतेच्या उत्साहाने ती भिंत तासून गुळगुळीत केली असती, तर चारशे वर्षांपूर्वी ह्या गावात काय शक्य होते, हे आज आपल्याला कोणी सांगितले असते?

२०२५ च्या मार्च महिन्यात असीरगडाजवळच्या शेतांत जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. ‘छावा’ चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या खजिन्याचे वर्णन लोकांनी पाहिले, शेतांत सोन्याची नाणी निघतात अशी आवई उठली, आणि रात्रीच्या वेळी विजेऱ्या व धातुशोधक यंत्रे घेऊन माणसे शेते उकरू लागली. शेवटी पोलिसांना मध्ये पडावे लागले. जमिनीत सापडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यास कळविले पाहिजे, असा १८७८ पासूनचा कायदा आहे. परंतु कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. नाणे कोठे, किती खोल, कशाच्या शेजारी सापडले हीदेखील त्याची साक्षच असते. रात्री उकरून काढलेल्या नाण्याची ती साक्ष तत्काळ बुडते. त्या शेतांतील माणसे लोभाने आली होती. आम्ही लिंबू-मीठ घेऊन बसलो तो सेवेच्या भावनेने. दोघांचे हेतू अगदी निराळे. तरीही नाण्याच्या बाजूने पाहिले तर दोघांच्या हातून घडले ते एकच.

येथे आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतो. हेतू चांगला होता, म्हणून आम्ही निर्दोष ठरतो काय? आजींच्या मनात आमच्याविषयी किल्मिष राहिले नाही, ते आमच्या हेतूमुळे. म्हणजे हेतूने नाते वाचविले. परंतु हेतूने ‘श्री’ परत आला नाही. आम्हांस असे वाटते की सद्हेतू रागाची फेड करतो, नुकसानीची फेड करू शकत नाही. ती बाकी करणाऱ्याच्या नावावर राहतेच. आणि ज्या गोष्टीची भरपाई होऊच शकत नाही, त्या गोष्टीस हात लावण्यापूर्वी जाणून घेणे हे कर्तव्य ठरते. आम्हांस ठाऊक नव्हते हे खरे. परंतु ठाऊक करून घेण्याचा आम्ही प्रयत्नही केला नव्हता. आजी दरवर्षी नुसत्या पाण्याने का धुतात, एवढे जरी विचारले असते तरी पुरे होते. उत्तर त्यांच्या अंगठ्यातच होते. आम्हांस मात्र आमच्या हाताच्या ख्यातीची अधिक चिंता होती. खरे सांगावयाचे तर त्या दुपारी आम्ही नाण्याची सेवा करीत नव्हतो, आपल्या कौशल्याची करीत होतो. चांगल्या हेतूच्या आड असा दुसरा हेतू लपून बसतो, हे त्या वयात कळत नाही.

कोणी ह्याच्या उलट टोकाला जाऊन म्हणेल की, तर मग जुने ते सारे जसेच्या तसे राहू द्यावे; जुन्यावर चढलेला प्रत्येक थर पूज्यच आहे. हेही खरे नव्हे. ती फिकट हिरवी भुकटी आठवा. तो थरही कळंकच; पण तो राखणारा नव्हे, खाणारा होता. त्यास ‘प्राचीन’ म्हणून हात न लावणे म्हणजे नाणे डोळ्यांदेखत मरू देणे होय. नाशिकजवळच्या सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे लेप चढत गेले होते. ते श्रद्धेचेच थर होते. परंतु त्या थरांचा भार मूर्तीलाच बाधू लागला, तेव्हा २०२२ मध्ये मंदिर काही आठवडे दर्शनासाठी बंद ठेवून, जाणकारांच्या सल्ल्याने ते कवच काळजीपूर्वक उतरविण्यात आले आणि देवीचे मूळ रूप भक्तांच्या दृष्टीस पडले. तेथेही थर काढला गेला, येथे आम्हीही काढला. अंतर एवढेच की तेथे आधी विचारले गेले, थांबले गेले, थोडेथोडे केले गेले. आम्ही एका दुपारीत सारे उरकले.

म्हणून थर राखावा की काढावा, हा प्रश्न थराच्या वयावरून सुटत नाही. हा थर खालच्या वस्तूस राखतो आहे की खातो आहे, हेच प्रथम पाहिले पाहिजे. घरातील रीतीभातींनाही हीच कसोटी लावता येईल असे आम्हांस वाटते. एखादी रीत निरर्थक दिसते म्हणून तरुणांनी ती खरवडून काढू नये. तिच्या आत कोणाच्या तरी अंगठ्याखालचे अक्षर असू शकते. आणि एखादी रीत घरातील एखाद्या माणसास आतून खात असेल, तर ती जुनी आहे म्हणून वडीलधाऱ्यांनी ती झाकून ठेवू नये. दोन्ही बाजूंनी विचारण्याचा आणि ऐकण्याचा कंटाळा हाच घात करतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. ह्या दिवाळीस बटवा उघडाल तेव्हा चिंच, लिंबू, मीठ, राख आणि भांडी घासण्याच्या पुडी जुन्या नाण्यांपासून दूर ठेवाव्यात. हातांचा घामही खारट असतो, म्हणून नाणे कडेने धरावे. धूळमाती असेल तर शुद्ध केलेल्या पाण्यात नाणे ठेवावे, पाणी वरचेवर बदलावे आणि मऊ ब्रशाने हलकेच झटकावे. नंतर पूर्ण कोरडे करून मगच ठेवावे. मातीचा घट्ट खडा अडकला असेल तर बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, थोडाथोडा सोडवावा. आणि आपल्याला रंग बदलताना दिसू लागला की तेथेच थांबावे. स्वस्त मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत, कारण त्या प्लास्टिकमधूनही कालांतराने तांब्यावर चिकट हिरवा डाग धरतो. फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणे इतरांपासून वेगळे काढावे, कोरड्या जागी ठेवावे आणि वस्तुसंग्रहालयातील जाणकारास दाखवावे. त्यावर घरगुती उपाय करीत बसू नये.

पूजेस काय करावे, असा प्रश्न उरतो. लक्ष्मीपूजनास चकचकीत नाणे हवेच असेल तर आजच्या चलनातील रुपया धुऊन ठेवावा. तो घासल्याने कोणाचे काही जाणार नाही. जुनी नाणी विड्याच्या पानावर ठेवावीत आणि वर अक्षता वाहाव्यात. हळदकुंकू पानावर वाहिले तरी चालेल. नाण्याच्या खाचांत ते साचू देऊ नये. प्रोक्षण म्हणून शिंपडलेले चार थेंब पूजेनंतर मऊ कोरड्या कापडाने टिपून घ्यावेत. देवीस तांब्याच्या रंगाची अडचण होत असेल असे आम्हांस वाटत नाही.

आणि ज्या नाण्यावर काहीच वाचता येत नाही, ते तसेच ठेवून काय उपयोग? असे कोणी विचारील. आज क्ष-किरणांच्या साहाय्याने कळंकाच्या आतील अक्षरे नाण्यास स्पर्शही न करता वाचण्याचे प्रयत्न होतात. आपल्याला जे वाचता येत नाही, ते आपल्या नातवंडांना वाचता येईल. परंतु त्यासाठी ते तोपर्यंत उरले पाहिजे. आपल्याला न वाचता आलेले पत्र जसेच्या तसे पुढे पोहोचविणे, हीही एक सेवाच आहे.

त्या आजी आज हयात नाहीत. बटवा त्यांच्या नातसुनेकडे आहे. गेल्या वर्षी आम्ही तो पाहावयास मागितला. भुकटी धरलेली नाणी जाणकारास दाखवून आता वेगळ्या डबीत ठेवली आहेत. ती शिवराई हाती घेऊन आम्ही डोळे मिटले आणि तिच्यावरून अंगठा फिरविला. एके ठिकाणी काही किंचित उंचवटा लागल्यासारखा वाटला. तो अक्षराचा अवशेष होता की आमच्या मनाचा खेळ, हे आम्हांस सांगता येणार नाही. नातसुनेने मात्र नाणे परत घेताना सांगितले की आता त्यांच्या घरी नाणी नुसत्या पाण्याने धुतात, आणि धाकट्या मुलीला ती डोळे मिटून ओळखावयास शिकविली आहेत. उरलेल्या दुसऱ्या शिवराईवर ‘राजा’ अजून स्पष्ट लागतो.